न तुटणारा सूर आणि दहा सेकंदांची फुंकर

देह ही भगवंताने बांधलेली वास्तू, आणि श्वास हा त्या वास्तूत अखंड ये-जा करणारा त्याचाच सेवक. आपण झोपतो, तो जागा असतो. आपण रुसतो, तो रुसत नाही. जन्मभर तो आपल्या दाराशी राबतो आणि जन्मभरात एकदाही आपण त्याला विचारीत नाही, की बाबा रे, तुला वाटेत काही त्रास तर होत नाही ना? सज्जनहो, ज्या बाईंची ही कथा, त्यांनी मात्र ही विचारपूस रोज केली. बारा वर्षे केली, माणसामागून माणसाची केली, आणि हसतमुखाने केली.

रुग्णालयाच्या दुसऱ्या मजल्यावर, क्ष-किरणांच्या खोलीपलीकडे, त्यांची खोली. खोली कसली, दोन खुर्च्या आणि एक मेज मावले की संपली. खिडकी अर्धीच उघडते. मेजावर जेवणाच्या डब्याएवढे एक पांढरे यंत्र, त्याला एक नळी, शेजारी एकदा वापरून टाकून द्यायच्या तोंडनळ्यांचा खोका आणि लाल बांधणीची एक नोंदवही. भिंतीवर घड्याळ. ते त्यांच्या यजमानांनी बसवून दिलेले, कारण यजमान घड्याळे दुरुस्त करतात. केसाएवढा स्क्रू चिमट्यात धरायचा म्हणजे श्वास रोखावा लागतो. मावशी नेहमी म्हणायच्या, “आमच्या घरात एकजण श्वास रोखून पोट भरतो आणि एकजण लोकांना सोडायला लावून.”

मावशी म्हणजे फुंकरमावशी. हे नाव त्यांना रुग्णांनी दिले, परिचारिकांनी उचलले, आणि शेवटी छातीच्या तरुण डॉक्टरांच्याही तोंडी बसले.

त्यांचे काम ऐकायला सोपे. दम्याने गांजलेल्या पुष्कळ माणसांच्या श्वासनलिकांना आतून सूज येते. ती सूज डोळ्यांना दिसत नाही, छातीला नळी लावून नेहमी ऐकू येते असेही नाही. पण सुजलेली नलिका एक खूण बाहेर धाडते. नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तिच्यात अधिक तयार होतो आणि उच्छ्वासाबरोबर बाहेर येतो. किती येतो? हवेच्या एक अब्ज भागांत त्याचे वीस-पंचवीस भाग! एवढ्या अल्पाची दखल ते यंत्र घेते आणि पडद्यावर आकडा दाखवते. मोठ्या माणसाचा आकडा पंचवीसच्या आत असला, तर सूज बहुधा नाही. पन्नासच्या वर गेला, तर आत काहीतरी धुमसते आहे असे समजायचे. औषध लागू पडले की आकडा उतरतो.

मात्र यंत्राची एक अट आहे. फुंकर हवी ती सावकाश, एकसारखी आणि पुरते दहा सेकंद टिकणारी. पडद्यावर एक छोटासा ढग दिसतो. जोरात फुंकले की तो वर उसळतो, दम ढिला पडला की खाली बसतो. दोन रेघांच्या मधून तो सरळ तरंगत गेला पाहिजे. माणसाला वादळ उठवता येते, दम कोंडता येतो; पण मंद, समान, शांत असे काही सोडायचे म्हटले की भलेभले अडखळतात.

यंत्र आले त्या दिवशी असेच झाले होते. मावशी तेव्हा बाहेरच्या खिडकीत रुग्णांच्या चिठ्ठ्या लिहीत. यंत्र बसवायला आलेल्या माणसाने सगळ्यांना फुंकायला सांगितले. मोठ्या डॉक्टरांनी असे फुंकले, की ढग छताला लागला. एका परिचारिकेने फुगा फुगवल्यासारखे गाल केले, दुसरीला मध्येच हसू फुटले. दाराशी उभ्या असलेल्या चिठ्ठीवाल्या बाई भीत भीत म्हणाल्या, “मी बघू का?” आणि ढग पहिल्याच झटक्यात सुतासारखा सरळ गेला! सगळे थक्क. त्यात नवल मुळीच नव्हते. त्यांच्या वडिलांचे कपडे धुण्याचे दुकान होते आणि कोळशाच्या इस्त्रीतला निखारा फुलवण्याचे काम या लेकीकडे होते. जोरात फुंकले तर राख उडून पांढऱ्या सदऱ्यावर पडते, हळू फुंकले तर निखारा विझतो. वडिलांच्या दोन-चार धपाट्यांनी ती मधली फुंकर त्या शिकल्या होत्या. पुढे रीतसर शिक्षण झाले, परीक्षा झाली, आणि ही खोली त्यांची झाली.

आणि तेथे त्यांनी काय केले? त्यांनी प्रत्येकाच्या धंद्यातली फुंकर शोधून काढली. शिंप्याला म्हणत, “सुईतला दोरा हलला पाहिजे, पण निसटता कामा नये.” मास्तरांना म्हणत, “पुस्तकावरचा खडू उडवायचा नाही, सरकवायचा.” एक आजीबाई काही केल्या जमवू शकत नव्हत्या. त्यांना म्हणाल्या, “आजी, नातवाच्या गुडघ्याला खरचटलंय, तो समोर बसलाय.” आजींनी ओठ पुढे केले आणि ढग तरंगत निघाला. “आकडा नंतर,” असे त्या म्हणत. “आधी फुंकर खरी हवी. फुंकर खोटी, तर आकडा खोटा.”

रोज सकाळी त्या स्वतः पहिली फुंकर मारीत. यंत्र नीट आहे की नाही हे पाहायची ती रीतच. त्यांचा आकडा वर्षानुवर्षे चौदा. कधी तेरा, कधी पंधरा, पण चौदाचे घर सोडून लांब गेला नाही. मग लाल वहीत नोंद, आणि मग दार उघडायचे.

अशा एका सकाळी दार उघडले तर पुढे शहराच्या वाद्यवृंदातले क्लॅरिनेटवाले उभे, आणि त्यांच्या पाठीशी त्यांच्या पत्नी. क्लॅरिनेटवाले अठ्ठावन्न वर्षांचे, उंच, सडसडीत, ओठांच्या मधोमध बत्तीस वर्षांच्या वादनाने पडलेली एक लहानशी खळी. गेल्या वर्षी त्यांना दमा निघाला. औषधाचा पंप सुरू झाला, खोकला गेला, जिने चढताना धाप लागेना, रात्री शांत झोप लागू लागली. पण आठवड्यापूर्वी याच खोलीतल्या तपासणीत त्यांचा आकडा आला चौऱ्याहत्तर.

डॉक्टर चक्रावले होते. छाती स्वच्छ, तक्रार शून्य, आणि सूज एवढी? त्यांनी समजुतीच्या सुरात विचारले होते, “काका, खरं सांगा, मी रागावणार नाही. पंप रोज घेता ना?”

“सकाळ-संध्याकाळ घेतो, डॉक्टर. बत्तीस वर्षांत एक तालीम चुकवली नाही, औषध चुकवीन होय?”

पण आकडा समोर होता, आणि आकड्यापुढे काकांचा शब्द उणा पडला. डॉक्टर म्हणाले, “आठवड्याने पुन्हा मोजू. तेव्हाही वरच निघाला, तर जास्तीच्या गोळ्या सुरू करू. आणि सूज उतरेपर्यंत, तीन महिने तरी, क्लॅरिनेट पेटीत ठेवा.”

तीन महिने! वादकाला तीन महिने म्हणजे काय, हे वादकालाच ठाऊक. ओठ सैलावतात, बोटे जडावतात, आणि खुर्ची कोणासाठी थांबत नाही. पण काकांच्या काळजाला खरा घाव बसला तो निराळाच. घरच्या माणसाचाही विश्वास उडाला होता. म्हणून आज काकू जातीने आल्या होत्या.

“ताई, तुम्हीच विचारा ह्यांना,” खुर्चीत बसायच्या आधीच काकूंनी सुरुवात केली, “पंप ओढतात, की खिडकीबाहेर उडवतात.”

“अगं, तुझ्या डोळ्यांदेखत ओढतो ना?”

“डोळ्यांदेखत तोंडाला लावता. आत जातो की नाही, ते मला काय दिसतंय?”

“मग काय छातीला खिडकी पाडून घेऊ?”

“पाडा! म्हणजे एकदाची माझी खात्री तरी पटेल.”

मावशींनी हसू ओठांतच आवरले आणि नेहमीचे प्रश्न विचारले. तासाभरात काही खाल्ले-प्याले का? नाही. सिगारेट? छे. सर्दी? नाही. काल बीट, पालक, कोशिंबिरीची पाने? कारण अशा भाज्यांनीही आकडा चढतो.

“पालक?” काकू म्हणाल्या. “अहो, हिरवं पान दिसलं की हे तोंड फिरवतात. तो गुन्हा ह्यांच्या हातून घडायचा नाही.”

काकांनी तोंडनळी ओठांत धरली, यंत्रातून श्वास ओढला आणि सोडला. ढग कसा गेला म्हणता? रुळावरून गाडी जावी तसा! रेघेला कुठे स्पर्श नाही, कुठे थरथर नाही. बारा वर्षांत इतकी सुंदर फुंकर त्या खोलीत दुसऱ्या कोणी मारली नव्हती. यंत्राने थोडा विचार केला आणि आकडा दाखवला. एक्क्याऐंशी.

काकांनी डोळे मिटले. काकूंचा सूर एकदम खाली आला. “अहो, घेत नसाल तर नसाल. मी भांडणार नाही. पण सांगा तरी खरं.” ह्या मायेच्या शब्दाने काका अधिकच खचले. भांडणाला उत्तर देता येते, मायेच्या संशयाला काय उत्तर द्यावे?

मावशींनी लेखणी उचलली आणि पुन्हा खाली ठेवली. हा आकडा अहवालात उतरला, की गोळ्या सुरू आणि वाद्य बंद. समोरचा माणूस तर खोटे बोलणाऱ्यासारखा दिसत नव्हता. मग खोटे बोलतो कोण? यंत्र? त्यांनी नवी तोंडनळी लावली आणि स्वतः फुंकले. चौदा. यंत्र साक्षीला खरे उतरले.

“काका, पुन्हा एकदा करू या,” त्या म्हणाल्या. आणि या खेपेस त्यांनी पडद्याकडे पाठ फिरवली. ढगाकडे पाहायचे नाही, माणसाकडे पाहायचे.

काकांनी श्वास ओढला, डोळे मिटले, फुंकर सुरू झाली. दहा सेकंद सरले, यंत्र टिंग वाजले. काका थांबले नाहीत. मावशी म्हणाल्या, “झालं, काका.” काका आपल्या तंद्रीत. पंधरा सेकंद, वीस, पंचवीस.

“ते असे थांबायचे नाहीत,” काकू म्हणाल्या. “वाद्यवृंदात ह्यांना अखंडराव म्हणतात. एकदा सूर लागला की अडीच मिनिटं तुटत नाही.”

मावशींच्या अंगावर सर्रकन काटा आला. “अडीच मिनिटं? काकू, अडीच मिनिटांची हवा हत्तीच्या छातीतही मावायची नाही!”

काकांनी नळी काढली आणि ओशाळून म्हणाले, “छातीत नसते हो. मधे भरून घेतो.”

“मधे कशी? तोंडातून तर बाहेर सोडताय.”

“नाकातून.” हे त्यांनी अशा साधेपणाने सांगितले, जणू सगळे जग असाच श्वास घेते. “दाखवू का? एक पेला पाणी द्या.”

मावशींनी पेला दिला. काकूंनी पिशवीतून सरबतासाठी ठेवलेली प्लॅस्टिकची नळी काढली. काकांनी नळी पाण्यात बुडवून फुंकले. बुडबुडे निघाले. गाल फुगले, छाती रिकामी झाली, आणि त्याच क्षणी नाकपुड्या किंचित थरथरल्या. गालांतली हवा बाहेर जाते आहे, नाकातून नवी आत येते आहे, आणि पाण्यातले बुडबुडे आहेत तसेच! एक मिनिट झाले. बुडबुड्यांची माळ तुटली नाही.

सज्जनहो, बत्तीस वर्षांची ती साधना! गुरूने पाण्याच्या पेल्यासमोर बसवले असेल, कितीदा ठसका लागला असेल, कितीदा पाणी नाकात गेले असेल. तेव्हा कुठे ही विद्या अंगात मुरली. आणि अशी मुरली, की ओठांत काहीही नळी आली की गाल आपण होऊन भरतात आणि नाक आपण होऊन उघडते. धन्याला पत्ताही लागत नाही.

“काका,” मावशींचा आवाज आनंदाने कापत होता, “तुमच्या छातीने नाही, तुमच्या नाकाने घात केलाय!”

काकू भांबावल्या. “नाकाने? नाकाला काय झालं?”

“काही झालेलं नाही. हा वायू निरोगी माणसाच्या नाकातही भरपूर तयार होतो, छातीपेक्षा कितीतरी पटीने जास्त. आपण साधं फुंकतो तेव्हा घशाच्या मागची पडदी वर उचलली जाते आणि नाकाचं दार बंद होतं. काका मात्र ते दार उघडं ठेवून फुंकतात. नाकातला माल घशात उतरतो आणि छातीच्या खात्यावर चढतो. ढग सरळ जातो, म्हणून यंत्राला शंका येत नाही. आणि गेल्या वेळी मलाही आली नाही.”

काका हळूच म्हणाले, “म्हणजे मी खोटारडा नाही?”

“ते अजून ठरायचंय,” मावशी म्हणाल्या. त्यांची नजर प्रेमळ होती, पण नियम नियम. “आता नुसत्या छातीने फुंकून दाखवा.”

आणि तेथेच घोडे अडले! काकांनी प्रयत्न केला, गाल भरले. पुन्हा केला, नाकपुडी हलली. तिसऱ्यांदा गाल आवरायला गेले, तर ढग मर्कटासारखा उड्या मारू लागला. जी विद्या जन्मभर जोपासली, ती घटकाभर बाजूला ठेवणे किती अवघड असते!

“नाक दाबून धरू का?” काकूंनी बाह्या सरसावल्या.

“नको, नको! नाक दाबलं की तिथली हवा तिथेच साठते आणि मागच्या वाटेने घशात येते. नाक मोकळंच हवं.” मावशी विचार करू लागल्या. पेल्याकडे पाहिले, काकांकडे पाहिले. नाकातून हवा घेताना फुंकर चालू राहते, कारण तेवढा वेळ गाल हवा पुरवतात. गाल हीच कोठी. कोठी रिकामी ठेवली तर? “काकू, इकडे या. समोर उभ्या राहा. दोन्ही तळवे ह्यांच्या गालांवर ठेवा आणि गाल फुगू देऊ नका.”

काकू उभ्या राहिल्या, हात उचलले आणि संकोचल्या. “अहो, दार तरी लावा. लोक काय म्हणतील?”

“तपासणी चाललीय म्हणतील.”

काकूंनी तळवे गालांवर ठेवले. काकांच्या डोळ्यांत मिस्किल चमक आली. नळी ओठांत घेण्याआधी ते म्हणाले, “चौतीस वर्षांत एवढ्या प्रेमाने कधी धरलं नव्हतंस.”

“बोलू नका, फुंका! आणि आकडा वर आला, तर हेच हात दुसऱ्या कामालाही येतात.”

मावशींना इतके हसू आले, की त्यांना भिंतीकडे तोंड करावे लागले. दोन मिनिटे अशीच गेली. सगळे शांत झाल्यावर काकांनी श्वास ओढला. गालांना कोठी होता येईना, म्हणून नाकाला कामच उरले नाही. ढग जरा डगमगला, वर गेला, खाली आला, पण रेघांच्या आत राहिला. नवशिक्याची फुंकर होती ती. आठ सेकंद, नऊ, दहा. टिंग!

यंत्र विचार करू लागले. काकूंचे तळवे गालांवरच राहिले होते. तिघांचाही श्वास थांबला होता.

बावीस.

“पुन्हा एकदा,” मावशी म्हणाल्या, कारण एका आकड्यावर त्या कधी विसंबत नसत. पुन्हा फुंकले. एकवीस.

काकूंनी हात काढले नाहीत. त्यांचे डोळे भरून आले होते. “मी सगळ्यांना सांगितलं हो,” त्या म्हणाल्या, “तुमच्या बहिणीला, सूनबाईला. हे औषध चुकवतात म्हणून.”

“मग आता सगळ्यांना दुसरंही सांग.”

“सांगते की. नाव घेऊन सांगते.”

मावशी चौऱ्याहत्तर, एक्क्याऐंशी, बावीस आणि एकवीस हे चारही आकडे घेऊन डॉक्टरांकडे गेल्या. काय घडले ते सांगितले आणि शेवटी म्हणाल्या, “डॉक्टर, गेल्या आठवड्याच्या अहवालावर माझी सही आहे. ढग सरळ गेला म्हणून मी माणसाकडे पाहिलंच नाही. चूक माझी.”

डॉक्टरांनी कागद पुन्हा पुन्हा पाहिले. मग ते खुर्चीवरून उठले. “मावशी, तुम्ही ढगाकडे पाहिलंत, मी आकड्याकडे. काका खोटं बोलतात असं ठरवलं ते मी.” ते स्वतः खोलीत आले, क्लॅरिनेटवाल्यांपुढे उभे राहिले आणि म्हणाले, “काका, तुमचा पंप उत्तम चाललाय. आहे तोच ठेवा. गोळ्या नकोत. आणि मला माफ करा.”

“आणि क्लॅरिनेट?”

“वाजवा.”

“किती वेळ?”

“काकू जितका वेळ वाजवू देतील तितका.”

“मग झालंच,” काका म्हणाले. पण काकू म्हणाल्या, “आज कितीही.”

त्या दिवसापासून मावशींच्या प्रश्नांत एक प्रश्न वाढला: तोंडाने वाजवायचे एखादे वाद्य वाजवता का? पुष्कळांना त्याचे हसू येई. एक आजोबा म्हणाले, “लग्नाआधी शीळ घालायचो, आता धीर होत नाही.” मावशी शांतपणे लिहून घेत. आणि प्रत्येक फुंकरीच्या वेळी त्या आता ढगाला अर्धाच डोळा देत. बाकीचा दीड डोळा माणसाला.

रविवारी बागेतल्या उघड्या मंडपात वाद्यवृंदाचे वादन होते. काकांनी आग्रहाने बोलावले, म्हणून मावशी यजमानांना घेऊन गेल्या. पहिल्या रांगेत काकूंनी जागा राखली होती. क्लॅरिनेटवाले उठले, वाद्य ओठांना लावले, आणि एक सूर निघाला. तो वर चढला, वळला, खाली उतरला, आणि तुटला नाही. मंडपात शेकडो माणसे बसली होती आणि कोणाच्या हाताची हालचाल नव्हती. काहींनी डोळे मिटले होते. मावशींचे मात्र सताड उघडे होते. त्या पुढे वाकून एकटक पाहत होत्या.

यजमानांनी कानाशी लागून विचारले, “अगं, सूर ऐकतेस की काय शोधतेस?”

“नाक बघतेय,” मावशी कुजबुजल्या. “ते बघा! आत्ता घेतला श्वास. बघितलात?”

यजमानांनी डोळे बारीक केले. आयुष्यभर केसाएवढे स्क्रू शोधलेले ते डोळे. “नाही बुवा दिसला.”

“थांबा, पुन्हा घेतील.”

आणि ती दोघे माना पुढे करून, एकमेकांच्या हातावर हात ठेवून, त्या न दिसणाऱ्या श्वासाची वाट पाहत बसली. समोर सूर चाललाच होता.